बायपास शस्त्रक्रिया आणि हृत्स्नायूंचे संरक्षण



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसेवेचा आढावा व यंत्रसामग्रीचा तपशील यांची अपेक्षा असतेच. परंतु ज्या कार्यास आपण साहाय्य करता, ते कार्य प्रत्यक्षात कसे चालते हेही आपणांस ज्ञात असावे, अशी आमची भूमिका आहे. त्या दृष्टीने बायपास शस्त्रक्रियेच्या एका अत्यंत महत्त्वाच्या, परंतु बाहेरून मुळीच न दिसणाऱ्या अंगाची माहिती येथे देत आहोत.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नातेवाईक बहुधा दोन प्रश्न विचारतात. "ऑपरेशनच्या वेळी हृदय बंद करतात, हे खरे का?" आणि "ते पुन्हा नीट सुरू होईल ना?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'अनेकदा होय' असे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शल्यविशारदाच्या हातातील सुई-दोऱ्यावर जितके अवलंबून असते, तितकेच हृदय थांबलेले असताना त्याच्या स्नायूंची निगा कशी राखली गेली यावरही अवलंबून असते. नवीन रक्तमार्ग निर्दोष जोडला, पण ज्या स्नायूसाठी तो जोडला तोच दुखावला गेला, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. म्हणूनच हृत्स्नायूंचे संरक्षण हा हृदयशस्त्रक्रियेचा पाया मानला जातो.

हृदयाचे स्वतःचे पोषण

प्रौढ व्यक्तीचे हृदय साधारणपणे ३०० ग्रॅम वजनाचे असते आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. साऱ्या शरीरास रक्त पुरविणारे हे हृदय आपल्या पोकळीतील रक्तातून स्वतःचे पोषण करू शकत नाही. त्यासाठी महाधमनीच्या मुळाशीच निघणाऱ्या दोन करोनरी धमन्या व त्यांच्या शाखा यांवर त्यास विसंबावे लागते. विश्रांतीच्या स्थितीत या धमन्यांतून दर मिनिटास सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताच्या सुमारे ५ टक्के रक्त वाहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शरीराच्या इतर बहुतेक भागांत रक्तातील प्राणवायूपैकी सरासरी एक चतुर्थांश एवढाच वापरला जातो व उरलेला शिलकीत राहतो. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीच्या वेळीही सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. साहजिकच त्याच्याजवळ शिल्लक अशी फारशी नसते. गरज वाढली की रक्ताचा प्रवाह वाढविणे हाच एक उपाय उरतो. धमनी अरुंद झाली असेल तर तोही मार्ग बंद होतो, आणि जिना चढताना किंवा गाडी पकडण्यासाठी पूल ओलांडताना छातीत कळ येते.

हृदय थांबवावे का लागते

बायपास शस्त्रक्रियेत छातीच्या आतील भिंतीलगतची धमनी, पायातील शिरा किंवा हातातील धमनी वापरून, अडथळ्याच्या पुढे रक्त नेणारा पर्यायी मार्ग तयार केला जातो. ज्या करोनरी धमनीवर हा सांधा करावयाचा, तिचा व्यास बहुधा दीड ते दोन मिलिमीटर असतो आणि टाके घालण्याचा धागा केसाहून बारीक असतो. हलत्या पृष्ठभागावर असे काम करणे कठीण असल्यामुळे हृदय निश्चल व रक्तविरहित करण्याची पद्धत रूढ झाली.

त्या काळात शरीरास रक्त पुरविण्याचे काम 'हार्ट-लंग मशीन' करते. हे यंत्र रक्त बाहेर घेऊन त्यात प्राणवायू मिसळते व ते परत शरीरात पाठविते. यानंतर महाधमनीवर चिमटा म्हणजे क्लॅम्प लावला जातो. यंत्राकडून येणारे रक्त क्लॅम्पच्या पलीकडे, म्हणजे मेंदू, मूत्रपिंडे व यकृत यांच्याकडे जाते. करोनरी धमन्या मात्र क्लॅम्पच्या अलीकडे, हृदयाच्या बाजूस असतात. परिणामी साऱ्या देहाला रक्त मिळत असता केवळ हृदयच त्यास मुकते. ही अवस्था अनेक शस्त्रक्रियांत एक तासाच्या आसपास व काहींत त्याहूनही अधिक काळ टिकते.

इजा कशी होते

शरीराच्या सामान्य तापमानात रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर हृत्स्नायूचे प्रभावी आकुंचन मिनिटभरातच मंदावते. पेशींतील ऊर्जेचा साठा घटू लागतो, प्राणवायूवाचून चालणाऱ्या चयापचयामुळे आम्लता वाढते आणि साधारण २० मिनिटांनंतर काही पेशींना कायमची इजा होण्यास प्रारंभ होतो. डाव्या कप्प्याच्या आतील अस्तरालगतचा थर यात सर्वप्रथम सापडतो.

आकुंचनाप्रमाणेच शिथिल होण्यासाठीही स्नायूस ऊर्जा लागते, ही बाब सहसा लक्षात येत नाही. ऊर्जा अगदी संपली तर हृदय सैल न पडता आखडते. डेंटन कूली व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये अशा दगडासारख्या कठीण झालेल्या हृदयाचे वर्णन केले, आणि 'स्टोन हार्ट' हे नाव शल्यविशारदांच्या मनात धाक बसविणारे ठरले.

दुसरी इजा रक्त परत सुरू होताना होऊ शकते. उपाशी माणसाला एकदम जड अन्न दिले तर बाधते, त्याप्रमाणे रक्ताविना राहिलेल्या पेशींत प्राणवायू व कॅल्शियम अचानक शिरले, तर पेशींचे आवरण व त्यांतील ऊर्जाकेंद्रे दुखावतात. कधी पेशी जिवंत असतात, पण काही तास वा दिवस नीट काम करीत नाहीत. हृदय जणू बधिर झालेले असते. अशा रुग्णास औषधांचा किंवा महाधमनीत बसविल्या जाणाऱ्या बलून पंपाचा आधार देऊन स्नायू सावरेपर्यंतचा काळ पार करावा लागतो.

ज्ञानाची वाटचाल

या प्रश्नाची उकल एका दिवसात झाली नाही. टोरंटोचे विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की शरीर थंड केल्यास प्राणवायूची गरज घटते. १९५२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे याच तत्त्वावर एका लहान मुलीच्या हृदयातील छिद्र बंद करण्यात आले. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनच्या साहाय्याने एका तरुणीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९५५ मध्ये लंडनच्या डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबविण्याची पद्धत मांडली. कल्पना योग्य होती, परंतु द्रावण अतिशय तीव्र असल्याने स्नायूस इजा होते असे आढळले व ती पद्धत मागे पडली. पुढे अनेक वर्षे केवळ बर्फाचा थंडावा, अधूनमधून क्लॅम्प काढणे असे मार्ग अवलंबिले गेले.

१९७० च्या दशकात मात्र सौम्य मात्रेचे पोटॅशियम पुन्हा वापरात आले. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डेव्हिड हर्स व मार्क ब्रेम्ब्रिज यांनी सिद्ध केलेले द्रावण जगभर पोहोचले. त्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमधील जेराल्ड बकबर्ग यांनी हे द्रावण रुग्णाच्याच रक्तात मिसळून देण्याचा पुरस्कार केला. पेड्रो डेल निडो यांच्या नावाने ओळखले जाणारे द्रावण १९९० च्या दशकात प्रथम बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी आले व पुढे प्रौढांतही वापरले जाऊ लागले.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयप्रत्यारोपण केले. जगातील अगदी सुरुवातीच्या प्रत्यारोपणांपैकी ते एक होते. तो रुग्ण काही तासच जगला. त्याही आधी, १९६५ मध्ये, डॉ. सेन व सहकाऱ्यांनी वेगळ्याच उपायाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूस पोकळीतील रक्त थेट मिळते, हे पाहून त्यांनी हृदयाच्या भिंतीत सुईने सूक्ष्म मार्ग पाडण्याचा प्रयोग केला. तो उपाय रूढ झाला नाही, तरी 'उपाशी स्नायूला रक्त कसे पोहोचवावे' हा प्रश्न परळमध्ये किती मुळापासून विचारला जात होता, हे त्यावरून कळते. भारतातील पहिली बायपास शस्त्रक्रिया १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली.

मिठागरातील क्षार आणि हृदयाची विश्रांती

हृदय सुरक्षितपणे थांबविणाऱ्या द्रावणास 'कार्डिओप्लेजिया' म्हणतात. त्याचे तत्त्व समजण्यासाठी भाईंदरकरांस दूर जावयास नको. येथील मिठागरांत खाडीचे पाणी आटवून मीठ काढले जाई, हे जुन्या रहिवाशांनी पाहिलेले आहे. मीठ वेचल्यावर वाफ्यात जे कडवट पाणी उरते, त्यात मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षार असतात. समुद्राच्या पाण्यातील सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम हेच चार क्षारघटक हृदयाच्या स्पंदनावरही सत्ता गाजवितात.

पेशीच्या आत पोटॅशियम अधिक व बाहेर सोडियम अधिक अशी निसर्गाची मांडणी असते. या तफावतीमुळे पेशीच्या आवरणावर विद्युतभार टिकतो व प्रत्येक ठोक्याचा संदेश पुढे जातो. रक्तातील पोटॅशियमची पातळी एरवी दर लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल इतकी असते. कार्डिओप्लेजियात ती साधारणपणे १५ ते २० च्या आसपास ठेवली जाते. बाहेरील पोटॅशियम वाढताच आत-बाहेरची तफावत घटते, नवा संदेश निर्माण होत नाही आणि हृदय शिथिल अवस्थेत शांत होते. मॅग्नेशियम पेशीत कॅल्शियमचा अनाठायी शिरकाव रोखण्यास मदत करते.

यामुळे होणारी बचत आकड्यांत पाहण्याजोगी आहे. काम करणाऱ्या हृदयाच्या १०० ग्रॅम स्नायूस दर मिनिटाला सुमारे ८ ते १० मिलिलिटर प्राणवायू लागतो. हृदय थांबविले की ही गरज सुमारे १ मिलिलिटरवर येते. त्यास २२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केले तर ती ०.३ मिलिलिटरच्या आसपास उतरते. म्हणजेच मोठी बचत थांबविल्याने व उरलेली बचत थंडाव्याने होते.

शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष काय घडते

क्लॅम्प लावताच महाधमनीच्या मुळातील नळीतून थंड कार्डिओप्लेजिया सोडला जातो व थोड्याच वेळात मॉनिटरवरील लहरी सपाट होतात. नातेवाइकांना भयप्रद वाटणारी ही सरळ रेषा या प्रसंगी मात्र अपेक्षितच असते. तथापि ज्या धमन्या आधीच तुंबलेल्या आहेत, त्यांच्या पलीकडील भागास हे द्रावण पुरेसे पोहोचेलच असे नाही. म्हणून गरजेनुसार हृदयाच्या शिरांच्या बाजूने, उलट दिशेनेही ते दिले जाते. त्या वेळी शिरेतील दाब पाऱ्याच्या ४० मिलिमीटरपलीकडे जाऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते. नवीन जोडलेल्या शिरेतूनही द्रावण देता येते.

एकदा दिलेल्या मात्रेचा प्रभाव कायम राहत नाही. आजूबाजूच्या सूक्ष्म वाहिन्यांतून येणारे रक्त द्रावण धुऊन नेते व हृदय हळूहळू गरम होऊ लागते. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीत दर १५ ते २० मिनिटांनी मात्रा पुन्हा द्यावी लागते. डेल निडो पद्धतीत एकच मात्रा अधिक काळ पुरते, पण तिलाही मर्यादा आहेच. डावा कप्पा रक्ताने ताणला जाऊ नये म्हणून त्यातील रक्त काढून घेण्याची व्यवस्था ठेवतात. क्लॅम्प काढण्यापूर्वी काही वेळा कोमट रक्तमिश्रित मात्रा देऊन स्नायूस हलकेच जागे केले जाते.

या साऱ्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी परफ्युजनिस्टवर असते. क्लॅम्प लागल्यापासून किती मिनिटे झाली, शेवटची मात्रा कधी दिली, तापमान, दाब व पोटॅशियम किती, हे ते मोठ्याने सांगतात आणि शल्यविशारद व भूलतज्ज्ञ त्यास प्रतिसाद देतात. जे पोटॅशियम येथे रक्षक ठरते, तेच चुकीच्या वेळी व चुकीच्या मार्गाने दिले गेले तर प्राणघातक आहे. त्यामुळे द्रावण तयार करताना दोघांनी पडताळणी करणे व बाटलीवर स्पष्ट नोंद करणे यांस पर्याय नाही.

धडधडत्या हृदयावरील शस्त्रक्रिया

हृदय न थांबविताही बायपास करता येते. १९६४ मध्ये लेनिनग्राड येथे वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतील धमनी करोनरी धमनीस जोडली, ती धडधडत्या हृदयावरच. १९६७ मध्ये अमेरिकेत रेने फावालोरो यांनी पायातील शिरेचा उपयोग पद्धतशीरपणे सुरू केला व पुढे यंत्राच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया सर्वत्र पसरली. १९९० च्या दशकात हृदयाचा केवळ आवश्यक तेवढा भाग स्थिर धरणारी साधने आली आणि 'बीटिंग हार्ट' पद्धतीस पुन्हा चालना मिळाली. भारतात ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली आहे.

मात्र या पद्धतीत हृत्स्नायूंच्या संरक्षणाची गरज संपते, हा समज योग्य नव्हे. सांधा करताना ती धमनी काही मिनिटे बंद ठेवावी लागते. हृदय उचलल्याने रक्तदाब उतरू शकतो. अशा वेळी धमनीत तात्पुरती बारीक नळी ठेवून रक्त चालू ठेवणे, भूलतज्ज्ञाने दाब राखणे व गरज पडताच यंत्राचा आधार घेणे हेच संरक्षणाचे उपाय असतात. १९ देशांतील ४,७५२ रुग्णांच्या 'करोनरी' नावाच्या अभ्यासात भारतातील केंद्रांचाही सहभाग होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व मूत्रपिंड निकामी होणे यांबाबत दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून 'कोणती पद्धत श्रेष्ठ' यापेक्षा 'या रुग्णास कोणती योग्य व या चमूस कोणती उत्तम अवगत' हा प्रश्न अधिक सयुक्तिक आहे.

नव्या उपायांबाबतही असाच विवेक लागतो. हृदयास आधी थोडा वेळ रक्ताविना ठेवल्यास पुढील इजा कमी होते, असे १९८६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. त्यावरून दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून-सोडून हृदयाचे रक्षण करता येईल, अशी आशा निर्माण झाली. परंतु २०१५ मध्ये ब्रिटन व जर्मनीतील दोन मोठ्या अभ्यासांत हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांस त्याचा अपेक्षित लाभ झाल्याचे दिसले नाही. सोपा व स्वस्त उपाय मनास भावतो, तरी पुराव्याच्या कसोटीवर उतरल्याखेरीज त्यावर रुग्णाचे हृदय सोपविता येत नाही.

कुटुंबीयांचा वाटा

संरक्षणाचा प्रारंभ शस्त्रक्रियागृहात होत नाही, तो घरापासून होतो. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे दिसताच 'पित्त झाले असेल' म्हणून रात्र काढू नये. प्रत्येक तासागणिक मृत होणारा स्नायू कोणत्याही द्रावणाने परत मिळत नाही. उत्तन-चौकपासून काशीमिऱ्यापर्यंतच्या वस्त्यांतून रुग्णालय गाठण्यास लागणारा वेळ विचारात घेता, निर्णयातील विलंब तरी आपल्या हाती आहे. मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवावी. विडी, सिगारेट, तंबाखू व मशेरी पूर्णपणे सोडावी. रक्त पातळ करणारी व हृदयाची गती नियंत्रित करणारी औषधे शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद वा सुरू करू नयेत. कोणते औषध केव्हा थांबवावे, हे डॉक्टरच ठरवतील.

शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात रुग्णास नळ्या व यंत्रे लावलेली पाहून धीर सोडू नये. रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी, इसीजी व सोनोग्राफीसारखी इको चाचणी यांवरून स्नायूंची स्थिती पाहिली जाते. 'हृदय किती टक्के काम करते' हा आकडा पहिल्या दिवशी कमी दिसला, तरी बधिर झालेला स्नायू पुढील दिवसांत सावरू शकतो.

देणगीदारांस नम्र निवेदन

नवीन वॉर्ड किंवा रुग्णवाहिका डोळ्यांस दिसते. हृत्स्नायूंचे संरक्षण मात्र एकदाच वापरावयाचे ऑक्सिजनेटर संच, तापमान राखणारी यंत्रे, द्रावणे, रक्तपेढी, अखंड वीजपुरवठा व प्रशिक्षित परफ्युजनिस्ट यांवर अवलंबून असते. यांवर कोणाची नामपाटी लावता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे, तसेच धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखण्याच्या २००६ पासूनच्या योजनेमुळे अनेक कुटुंबांस आधार मिळतो. परंतु क्लॅम्प लावल्यानंतरच्या त्या तासात रुग्ण सशुल्क आहे की निःशुल्क, याचा भेद असता कामा नये. दोघांनाही तेच द्रावण, तीच दक्षता व तितकेच कुशल हात मिळावेत, हेच धर्मादाय संस्थेच्या अस्तित्वाचे प्रयोजन होय, असे आम्ही मानतो.

आपल्या देणगीतील प्रत्येक रुपया यंत्राच्या किंवा औषधाच्या रूपाने कोणाच्या तरी निश्चल हृदयाची काही मिनिटे राखीत असतो. रक्तदान करणाऱ्यांचा, वेळ देणाऱ्या स्वयंसेवकांचा व विश्वास ठेवणाऱ्या कुटुंबीयांचाही या सेवेत तितकाच वाटा आहे.